विल्यम हेग यांचा २००१ चा प्रचार आणि वारसदाराचा प्रश्न

मित्रहो, ७ जून २००१ रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुजूर पक्षाचे नेते विल्यम हेग यांनी राजीनामा जाहीर केला. त्यांच्या हाती पक्ष आला तेव्हा त्याचे १६५ खासदार होते. चार वर्षांच्या कष्टांनंतर ते १६६ झाले. मजूर पक्षाला ४१२ जागा मिळाल्या. या पराभवाची कथा सांगताना बहुतेक जण मजूर पक्षाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या लोकप्रियतेकडे बोट दाखवतात, आणि ते चूक नाही. मला मात्र आज वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. हेग यांचा प्रचार ज्या कारणाने ढासळला, त्याच कारणाने त्यांचा वारसदारही चुकीचा निवडला गेला, आणि त्या निवडीचा नियम हेग यांनी स्वतःच घालून दिला होता.

हेग सामान्य बुद्धीचे गृहस्थ नव्हते. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९७७ मध्ये, पक्षाच्या अधिवेशनात मार्गारेट थॅचर यांच्यासमोर भाषण करून त्यांनी सगळ्यांना थक्क केले होते. जून १९९७ मध्ये केनेथ क्लार्क यांना ९२ विरुद्ध ७० मतांनी हरवून ते नेते झाले तेव्हा त्यांचे वय होते ३६. संसदेत पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांच्या वेळी ते ब्लेअर यांना वारंवार निरुत्तर करीत, हे त्यांचे विरोधकही मान्य करीत. असा माणूस पाऊलभरही पुढे सरकू शकला नाही, याचा विचार करायला हवा.

सुरुवातीला त्यांनी पक्षाचा चेहरा बदलण्याचा प्रयत्न केला. मग १९९९ ची युरोपीय संसदेची निवडणूक आली. हुजूर पक्षाला ३६ आणि मजूर पक्षाला २९ जागा मिळाल्या, आणि युरोपविरोध, म्हणजे युरोपीय संघाशी अधिक जवळीक नको ही भूमिका, हीच विजयाची वाट आहे असा पक्षाचा समज झाला. त्या निवडणुकीत जेमतेम चोवीस टक्के मतदान झाले होते. म्हणजे घराबाहेर पडले ते मुख्यतः ज्यांना युरोपचा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटत होता ते मतदार. उरलेल्या तीन चतुर्थांश लोकांच्या मनात काय आहे, ते त्या निकालातून कळणे शक्यच नव्हते. सप्टेंबर २००० मध्ये इंधनाच्या करावरून वाहतूकदारांनी व शेतकऱ्यांनी तेलाचे डेपो रोखून धरले, तेव्हा काही दिवस जनमत चाचण्यांत हुजूर पक्ष पुढे गेला. तो भर ओसरला आणि पुन्हा जुनेच अंतर कायम झाले.

निवडणूक ३ मे रोजी होईल अशी अपेक्षा होती. पण गुराढोरांत लाळ्या-खुरकूत रोगाची साथ पसरली होती, ग्रामीण भागांत ये-जा थांबली होती, म्हणून ती ७ जूनवर गेली. प्रचार सुरू होताच पहिला ठोका कराच्या प्रश्नावर बसला. आठ अब्ज पौंडांची करकपात करू, असे जाहीरनाम्यात म्हटले होते. हुजूर पक्षातर्फे अर्थखात्याचे काम पाहणारे ऑलिव्हर लेटविन यांनी मात्र एका वृत्तपत्राशी बोलताना वीस अब्जांपर्यंत जाण्याचा उल्लेख केला. ही रक्कम वाचवायची तर कोणती रुग्णालये आणि कोणत्या शाळा बंद करणार, हा प्रश्न मजूर पक्षाने लगेच हाती घेतला. लेटविन काही दिवस लोकांसमोर दिसेनासे झाले आणि त्यामुळे प्रश्न अधिकच मोठा झाला.

१६ मे हा दिवस खरे तर सरकार पक्षासाठी वाईट होता. बर्मिंगहॅमच्या रुग्णालयाबाहेर एका रुग्णाच्या नातलग बाईंनी ब्लेअर यांना कॅमेऱ्यांसमोर जाब विचारला, पोलिसांच्या सभेत गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांच्या भाषणात व्यत्यय आला, आणि उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी अंडे फेकणाऱ्या माणसाला ठोसा लगावला. आरोग्यसेवेवर लोक नाराज होते, हे त्या दिवशी स्वच्छ दिसले. विरोधी पक्षाने तिथे ठाण मांडून बसायला हवे होते. हेग मात्र पौंड वाचवण्याच्या घोषणेकडे वळले. मतदानाला किती दिवस उरले आणि पौंड वाचवायला किती दिवस उरले, याची एकत्र मोजणी ते सभासभांत करू लागले. ब्रिटनने युरो स्वीकारण्याआधी सार्वमत घेण्याचे वचन मजूर पक्षाने दिलेले होते. तेव्हा पौंड वाचवण्याची संधी पुढेही मिळणार आहे, हे मतदार जाणून होते. २२ मे रोजी थॅचर प्लिमथला बोलायला उभ्या राहिल्या आणि आपण आपले चलन कधीही सोडणार नाही असे म्हणाल्या. श्रोते भारावले. मजूर पक्षाने हेग यांच्या चेहऱ्यावर थॅचर यांची केशरचना बसवून भित्तिपत्रक काढले. शेवटच्या आठवड्यात तर हुजूर पक्ष स्वतःच ब्लेअर यांना प्रचंड बहुमत देऊ नका असे सांगू लागला. ज्या पक्षाला सत्ता मिळवायची आहे, त्याने असे म्हणणे म्हणजे पराभव मान्य करणेच होते.

नेता अडचणीत आला की वारसदारांची नावे आपोआप ओठांवर येतात. मायकेल पोर्टिलो यांचे नाव तर प्रचाराच्या पूर्वीपासूनच होते. १९९७ मध्ये ते एनफील्ड साउथगेटमधून हरले नसते, तर कदाचित हेग नेते झालेच नसते. नोव्हेंबर १९९९ च्या पोटनिवडणुकीत ते केन्सिंग्टन आणि चेल्सीमधून परतले, छाया अर्थमंत्री, म्हणजे विरोधी पक्षाचे अर्थविषयक प्रमुख प्रवक्ते, झाले आणि किमान वेतन व बँक ऑफ इंग्लंडची स्वायत्तता मान्य करून त्यांनी पक्षाची जुनी भूमिका बदलली. पराभवाने शहाणा झालेला माणूस कसा असतो, हे त्यांच्यात दिसत होते, असे मला वाटते. क्लार्क अर्थमंत्री म्हणून यशस्वी ठरलेले, सामान्य मतदारांच्या परिचयाचे, पण युरोचे समर्थक. इयन डंकन स्मिथ हे माजी सैनिक, युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारावरून स्वतःच्याच सरकारविरुद्ध मतदान केलेले, आणि कधीही मंत्री न झालेले. याशिवाय डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल अँक्रम रिंगणात होते.

१९९८ मध्ये हेग यांनी नियम बदलला होता: खासदारांनी दोन उमेदवार ठरवावेत आणि अखेरचा निर्णय पक्षसदस्यांनी घ्यावा. आपल्याकडे विधिमंडळ पक्ष एका ओळीचा ठराव करून निवडीचा अधिकार पक्षश्रेष्ठींकडे सोपवतो. ती रीत अनुभवलेल्या आपल्या कानांना हा नियम फार लोकशाहीचा वाटतो, आणि हेतूही तसाच होता. पण पराभूत पक्षात उरतात ते त्याचे सर्वांत निष्ठावान, आणि पराभवाने सर्वांत कमी बदललेले लोक. १० जुलैच्या पहिल्या फेरीत पोर्टिलो यांना ४९, डंकन स्मिथ यांना ३९ आणि क्लार्क यांना ३६ मते मिळाली. डेव्हिस आणि अँक्रम यांची मते प्रत्येकी २१. शेवटच्या दोघांत बरोबरी झाली तर काय करायचे, याची तरतूद नियमात नव्हती, म्हणून फेरी पुन्हा घ्यावी लागली. १७ जुलैच्या निर्णायक फेरीत क्लार्क ५९, डंकन स्मिथ ५४ आणि पोर्टिलो ५३, असा निकाल लागला. एका मताने पोर्टिलो बाद झाले.

सदस्यांपुढे मग युरोचा समर्थक आणि युरोपचा कट्टर विरोधक एवढाच पर्याय उरला. डंकन स्मिथ यांना १,५५,९३३ आणि क्लार्क यांना १,००,८६४ मते मिळाली. जूनमध्ये हुजूर पक्षाला जवळपास ८३ लाख लोकांनी मत दिले होते. नेता निवडला तो सुमारे अडीच लाखांनी, आणि पक्षाला मत न देणाऱ्यांना परत कोण आणू शकेल, हा प्रश्न त्यांच्या मनात अग्रक्रमावर नव्हता. अमेरिकेवरील हल्ल्यामुळे घोषणा एक दिवस लांबली आणि १३ सप्टेंबरला झाली.

याच नियमावलीत दुसरे कलम होते: पंधरा टक्के खासदारांनी मागणी केली तर नेत्यावरील विश्वासाचे मतदान घ्यावे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ९० विरुद्ध ७५ मतांनी डंकन स्मिथ यांचे नेतेपद गेले. नंतर खासदारांनी मायकेल हॉवर्ड हे एकच नाव पुढे आणले आणि सदस्यांच्या मतदानाची वेळच येऊ दिली नाही. २००५ च्या पराभवानंतर हॉवर्ड यांनी निवड पुन्हा खासदारांच्या हाती देण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि नियम टिकला.

रिचमंड हा यॉर्कशायरमधला मतदारसंघ हेग यांनी २०१५ मध्ये सोडला आणि तिथून ऋषी सुनक निवडून आले. जुलै २०२२ मध्ये खासदारांच्या अखेरच्या फेरीत सुनक १३७ मतांनी पहिले होते, लिझ ट्रस ११३ मतांनी दुसऱ्या. सदस्यांनी ट्रस यांना ८१,३२६ आणि सुनक यांना ६०,३९९ मते दिली. ऑक्टोबरमध्ये ट्रस यांना पद सोडावे लागले, आणि हेग यांच्याच मतदारसंघाचा खासदार हेग यांच्याच नियमाला वळसा घालून, एकमेव उमेदवार म्हणून, सदस्यांचे एकही मत न घेता पक्षनेता आणि पंतप्रधान झाला.