पडदा ओला, वाट कोरडी

(पारदर्शक फ्युएल सेल, अगदी जवळून)

हा पाण्याचा थेंब बघा. कार्बन कागदाच्या तंतूंमधून वर आला, फुगला आणि हवेच्या वाटेला आडवा झाला. वाट जेमतेम एक मिलिमीटर रुंद. मागून हवेचा रेटा आला... सरकला. शेजारी मात्र दोन थेंब एक झाले आणि वाट बंद. तिथून पुढे ऑक्सिजन पोचत नाही, व्होल्टेज घसरतं.

फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वीज तयार होते आणि बाहेर फक्त पाणी पडतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एक किलो हायड्रोजनमागे सुमारे ९ किलो. पण बाहेर पडण्याआधी ते आत काय काय करतं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आणि खरं कसब तर तिथेच लागतं.

(चिमट्यात धरलेला पडदा)

हायड्रोजन आणि हवा यांच्या मधला हा पडदा केसापेक्षाही पातळ. यातून हायड्रोजनचे प्रोटॉन पलीकडे जातात, पण पडदा ओला असेल तरच. जाताना ते पाण्याचे रेणूही ओढून नेतात. त्यामुळे हायड्रोजनची बाजू सुकत जाते, हवेच्या बाजूला पाणी साचतं, आणि नवं पाणीही तिथेच तयार होतं. पडदा पातळ असला, की त्यातलं थोडं आपसूक मागे झिरपतं. याच जोरावर २०१४ च्या टोयोटा मिराई या हायड्रोजनवरच्या गाडीतून वेगळा ह्युमिडिफायर, म्हणजे ओल पुरवणारं यंत्र, काढून टाकता आलं.

(न्यूट्रॉन प्रतिमा)

न्यूट्रॉनना सेलचं ॲल्युमिनियम फारसं अडवत नाही, पाणी अडवतं. हे गडद पट्टे म्हणजे बंद सेलच्या आतलं पाणी. वळणांवर बघा, तिथे जास्त साचलंय.

(रेडिएटर)

जेवढी वीज, जवळपास तेवढीच उष्णता. पेट्रोल इंजिनाची बरीचशी उष्णता धुरावाटे निघून जाते. इथे सेलच ६० ते ८० अंशांवर चालतो, त्यामुळे बहुतेक भार कूलंटवर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवावर येतो. बाहेरच्या हवेशी तापमानाचा फरकही कमी, म्हणून रेडिएटर एवढा मोठा. तापमान चढलं की पडदा सुकतो, उतरलं की वाफेचं पाणी होतं. हवा वाढवली तर थेंब निघतात, पण ओलही जाते. पडदा सारखा सुकत-भिजत राहिला, तर चिरतो आणि सेलचं आयुष्य घटतं.

(गाडी बंद, कॉम्प्रेसर चालू)

गाडी बंद केली, तरी कॉम्प्रेसर फिरतोय. वाटांमधलं उरलेलं पाणी बाहेर फुंकतोय, कारण शून्याखाली त्याचाच बर्फ होऊन छिद्रं बुजतात. आणि हे फुंकणंही बेतानंच करावं लागतं. पुढच्या वेळी सेल सुरू करायला पडद्यात थोडी ओल उरलेली लागते.