चमच्यावर १८४७ लिहिलंय, पण ते त्याचं वय नाही

नमस्कार मंडळी. हा चांदीचा मुलामा दिलेला काटा बघा. आता उलटा करते. दांड्याच्या मागे काय लिहिलंय? ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’. हे वाचलं की पावणेदोनशे वर्षांपूर्वीची वस्तू हाती लागली असं वाटतं. पण १८४७ हा या अमेरिकन ब्रँडच्या नावाचाच भाग आहे. विसाव्या शतकात बनलेल्या काट्यांवरही तो आहेच. सोबत ‘इंटरनॅशनल सिल्व्हर’ असं नाव दिसलं तर काटा नक्की १८९८ नंतरचा, कारण ती कंपनीच त्या वर्षी स्थापन झाली.

आता हा इंग्लंडचा चमचा. चार छोट्या चौकटी, प्रत्येकीत एक अक्षर. लांबून अगदी चांदीच्या हॉलमार्कसारखं दिसतं, आणि तसं दिसावं म्हणूनच कारखानदार असं छापायचे. भिंग लावून वाचा: ई, पी, एन, एस. म्हणजे विजेने मुलामा दिलेलं निकेल सिल्व्हर, ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो. तांबं, जस्त, निकेल. आतल्या धातूत चांदी अजिबात नाही, ती फक्त वरच्या थरात. इंग्लंडच्या जुन्या खऱ्या चांदीवर चालणारा सिंह असतो आणि सरकारमान्य तपासणीचं वर्षाचं अक्षरही. मुलाम्याच्या वस्तूंना अशी तपासणी नव्हती, त्यामुळे छाप ज्याचा त्याचा.

म्हणूनच मला बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनचं फार कौतुक वाटतं. विजेच्या मुलाम्याचं १८४० चं पेटंट त्यांचं, आणि त्यांनी आपणहून वर्षाची खूण ठोकायला सुरुवात केली. आधी आकडे, मग १८४९ पासून अक्षरं. फक्त एक सांभाळा: अक्षरमाला संपली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. त्यामुळे नुसतं अक्षर जुळून भागत नाही, त्याचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकारही तक्त्याशी ताडून बघावा लागतो.

फ्रेंच किंवा जर्मन चमच्यावर ८४ किंवा ९० दिसलं तर ते साल नाही आणि टक्केही नाहीत. एक डझन चमचे आणि एक डझन काटे मिळून त्यांच्यावर चढवलेल्या चांदीचं ते वजन आहे, ग्रॅममध्ये. नव्वद टक्के चांदी समजून घेतलेला सेट म्हणजे मोठी फसगत.

आणि माझी सगळ्यात आवडती खूण. पत्त्यातल्या चौकटसारखा आकार, कोपऱ्यांत बारीक अक्षरं. ही ब्रिटनमधली डिझाइनची नोंदणी, १८४२ ते १८८३ मधली. वर्षाचं अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात, त्यानंतर उजवीकडे. पण हे साल डिझाइन नोंदवल्याचं. तोच नमुना पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलेला असू शकतो. १८८४ पासून चौकट गेली आणि ‘आर डी’, म्हणजे ‘रजिस्टर्ड’, असं लिहून पुढे नुसता क्रमांक यायला लागला. या माझ्या चमच्यावर तोच आहे, म्हणजे हा १८८४ च्या आधीचा असूच शकत नाही.