शिक्का बसल्यावर माणूस काय करतो?

प्राग शहर, २४ ऑगस्ट २००६. सभागृहात मतदानाची पिवळी कार्डं वर जातात आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो, की प्लूटो यापुढे ग्रह नाही, बटुग्रह. तो सूर्याभोवती फिरतो, आकारानं गोलही आहे. पण आपल्या कक्षेचा परिसर मोकळा करण्याची तिसरी अट त्याला पुरी करता येत नाही. जगभर लोक हळहळले. प्लूटोची २४८ वर्षांची फेरी होती तशीच चालू राहिली.

आपल्याला कुठल्या गटात टाकलंय, याची प्लूटोला खबर नसते. माणसाला असते. कॅनडाचे तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी हाच फरक नेमका पकडला. माणसावर शिक्का बसला, की तो गप्प राहत नाही. कुणी त्या शिक्क्याबरहुकूम वागू लागतो, कुणी तो झुगारतो. दोन्ही वाटांनी माणूस बदलतो आणि कालचं वर्णन आज त्याला लागू पडेनासं होतं.

आता दक्षिण आफ्रिका. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानं प्रत्येकाचा वंश सरकारदरबारी नोंदवला. पण गोरा कोण? कायद्याचं उत्तर थक्क करणारं आहे: जो दिसायला उघडच गोरा आहे तो, किंवा ज्याला लोक गोरा मानतात तो. म्हणजे दिसणं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मत, एवढ्यावर सगळी इमारत उभी! शंका आलीच, तर केसांत पेन्सिल खोचून बघत. ती अडकून राहिली, तर गोरेपण नाकारलं जाई. कुठं राहायचं, कुठल्या शाळेत शिकायचं, कुणाशी लग्न करायचं, सगळं या नोंदीवर ठरे. सख्खी भावंडंही वेगवेगळ्या गटांत पडली. हा कायदा रद्द व्हायला १९९१ उजाडलं.

म्हणून वर्गीकरण टाकून द्यायचं का? ते शक्यच नाही. १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी स्वीकारली गेली, म्हणून एका देशातले मृत्यू दुसऱ्या देशातल्या मृत्यूंशी ताडून पाहता आले. आजचं रोगांचं जागतिक वर्गीकरण त्याच यादीतून वाढलं. पण यादी कोण करतं आणि त्या वेळी खोलीत कोण हजर असतं, हे विचारायलाच हवं.

१९७२, डॅलस. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची वार्षिक सभा. त्यांच्या निदानपुस्तिकेत समलैंगिकता तेव्हा मानसिक विकार म्हणून नोंदलेली होती. मंचावर एक माणूस येतो. चेहऱ्यावर मुखवटा, डोक्यावर केसांचा टोप, आवाज बदलणारा माईक. तो सांगतो, मी समलैंगिक आहे आणि मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. ते होते डॉक्टर जॉन फ्रायर. नाव उघड झालं असतं तर नोकरी जाण्याची भीती होती. ज्यांना रुग्ण ठरवलं होतं त्यांच्यातलाच एकजण, ठरवणाऱ्यांच्या सभेत, त्यांच्याच व्यवसायातला सहकारी म्हणून बोलत होता.

डिसेंबर १९७३ मध्ये संघटनेनं ती नोंद विकारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं तेच पाऊल उचललं १९९० साली.