नंतर ऐकण्यासाठी: रेडिओ कार्यक्रम टिपून ठेवण्याच्या आजच्या पद्धती

रेडिओवरचा कार्यक्रम आपल्या वेळेला लागतो आणि आपल्या वेळेला संपतो. ऐकणाऱ्याला तेव्हा सवड आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कामाच्या वेळेत येणारी दीर्घ मुलाखत, मध्यरात्रीनंतर लागणारे नभोनाट्य, किंवा दुसऱ्या खंडात संध्याकाळी आणि आपल्याकडे ऐन पहाटे प्रसारित होणारी संगीतसभा ऐकायची असेल, तर ती आधी टिपून, म्हणजे ध्वनिमुद्रित करून, ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. हे काम आज कसे करता येते आणि ते करताना कुठे फसगत होते, ते आपण पाहणार आहोत.

१९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी या जर्मन कंपनीने मॅग्नेटोफोन हे चुंबकीय फितीवर आवाज नोंदवणारे यंत्र मांडले. महायुद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत पोहोचले आणि १९४७ पासून गायक बिंग क्रॉस्बी यांचा साप्ताहिक कार्यक्रम आधी फितीवर नोंदवून मग प्रसारित होऊ लागला. घरोघरच्या श्रोत्यांच्या हाती ही सोय आली ती फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमुळे. मात्र ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपत असे. तासाभराच्या कार्यक्रमात कॅसेट उलटायला कुणीतरी जागेवर हजर असावे लागे, आणि उलटेपर्यंत जे बोलले जाई ते कायमचे हुकत असे.

आज बहुतेक केंद्रांचे प्रसारण इंटरनेटवरही चालू असते, आणि तिथून कार्यक्रम टिपणे हा माझ्या मते सर्वांत सरळ मार्ग आहे. केंद्राकडून येणारा ध्वनी मुळातच एमपी३ किंवा एएसी स्वरूपात आकुंचित केलेला असतो. आपला संगणक तो उलगडून स्पीकरवर वाजवतो. अनेक जण हा वाजणारा आवाज पुन्हा मुद्रित करतात. त्यामुळे तो दुसऱ्यांदा आकुंचित होऊन त्याचा दर्जा घसरतो, शिवाय मधेच आलेल्या संदेशाची घंटीही त्यात कायमची बसते. त्यापेक्षा येणारा डेटा न उलगडता जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवून घ्यावा. व्हीएलसी किंवा एफएफएमपेग यांसारखी मोफत सॉफ्टवेअर हे काम सहज करतात, आणि हाती येते ती केंद्राने पाठवलेल्या ध्वनीची हुबेहूब प्रत. इंटरनेटवरून सलग येणाऱ्या या ध्वनीच्या प्रवाहाचा वेग सेकंदाला १२८ किलोबिट असेल, तर तासाभराच्या कार्यक्रमाला ५८ एमबीच्या आसपास जागा लागते.

काही केंद्रे आपल्या प्रवाहाचा पत्ता उघड करत नाहीत आणि कार्यक्रम केवळ त्यांच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर ऐकू येतो. अशा वेळी मात्र संगणकात वाजणारा आवाज आतल्या आत मुद्रित करावा लागतो. विंडोजवर ऑडॅसिटी आणि मॅकवर ऑडिओ हायजॅक हे काम चांगले करतात. ऑडिओ हायजॅकमध्ये एकाच अ‍ॅपचा आवाज वेगळा काढता येतो, त्यामुळे बाकीचे आवाज त्यात मिसळत नाहीत.

यानंतर प्रश्न येतो तो वेळेचा. उदाहरणादाखल ही ओळ नीट पाहावी: ५८, २०, तारका, तारका, १. लिनक्स संगणकावरील क्रॉन या वेळापत्रक सांभाळणाऱ्या सुविधेला दिलेली ही सूचना आहे. पहिला आकडा मिनिटांचा, दुसरा तासाचा. पुढच्या दोन तारकांचा अर्थ कोणतीही तारीख आणि कोणताही महिना, आणि शेवटचा १ म्हणजे सोमवार. दर सोमवारी रात्री ८ वाजून ५८ मिनिटांनी मुद्रण सुरू होईल आणि मुद्रणाची मुदत ३,९०० सेकंद दिली, तर तेवढ्या वेळानंतर, म्हणजे १० वाजून ३ मिनिटांनी, आपोआप थांबेल. कार्यक्रम ९ ते १० असताना आधीची दोन आणि नंतरची तीन मिनिटे जाणूनबुजून जोडलेली आहेत. इंटरनेटवरचे प्रसारण प्रत्यक्ष प्रसारणाच्या काही सेकंद, कधी अर्धा मिनिट किंवा त्याहूनही अधिक मागे असते, आणि थेट कार्यक्रम घड्याळाच्या काट्यावर संपेलच असे नाही. एखाद्या नाटकाचा शेवटचा प्रवेश अर्ध्यावर तुटण्याची हळहळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना ही पाच जादा मिनिटे महाग वाटणार नाहीत.

परदेशी केंद्रांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे नेली जातात, तिथले कार्यक्रम वर्षातून दोनदा आपल्या घड्याळानुसार तासाभराने सरकतात. क्रॉन सामान्यतः आपल्याच संगणकाच्या वेळेनुसार चालत असल्याने त्याला याचा पत्ता नसतो. या कामासाठी लोकप्रिय असलेल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये तर बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही. वीज जाऊन आली आणि नेटवर्क लागलीच मिळाले नाही, की त्याची वेळ चुकते आणि कार्यक्रम हातचा जातो.

जोडणी मधेच तुटण्याचा धोकाही गृहीत धरावा. इथे फाइलच्या प्रकाराला महत्त्व येते, कारण एमपी३ची फाइल अर्धवट राहिली तरी तिथपर्यंतचा भाग व्यवस्थित वाजतो. एमपी४ प्रकारच्या फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे सर्वांत शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधी वीज गेली, तर आतला ध्वनी शाबूत असूनही फाइल उघडत नाही. म्हणून मुद्रण साध्या स्वरूपात करावे आणि रूपांतर हवेच असेल तर ते नंतर करावे.

इंटरनेट नसेल, किंवा हवे ते केंद्र तिथे उपलब्ध नसेल, तर हवेतल्या लहरींकडे वळावे लागते. ज्या मोबाइलमध्ये एफएम रेडिओ असतो, त्यांपैकी काहींमध्ये मुद्रणाचे बटणही असते. इयरफोनची वायर तिथे अँटेनाचे काम करते, त्यामुळे आवाज ऐकायचा नसला तरी ती जोडलेली ठेवावी लागते.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ती सॉफ्टवेअर रेडिओची पद्धत, म्हणजे लहरींमधून केंद्र निवडून ध्वनी वेगळा काढण्याचे काम संगणकातल्या सॉफ्टवेअरने करणे. दूरचित्रवाणीचे प्रसारण पकडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त यूएसबी डोंगलमधली आरटीएल२८३२यू ही चिप संगणकाला लहरींचा कच्चा डेटाही पुरवू शकते, हे २०१२ च्या सुमारास सर्वदूर ठाऊक झाले आणि हौशी मंडळींच्या हाती एक समर्थ साधन आले. हे डोंगल एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा वाचते. एफएमच्या ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ या विस्तारातल्या एवढ्या पट्ट्यात अनेक केंद्रे सामावू शकतात, आणि तो पट्टा जसाच्या तसा साठवला तर त्यातली सगळी केंद्रे एकदमच साठवली जातात. पुढे केव्हाही ती फाइल उघडून, जणू तो तास पुन्हा चालू झाला आहे अशा प्रकारे, या केंद्रावरून त्या केंद्रावर जाता येते. याची किंमत जागेत मोजावी लागते: सेकंदाला ४.८ एमबी या हिशेबाने एका तासाला १७ जीबीहून अधिक. म्हणून रोजच्या वापरात एकच केंद्र निवडून त्याचा ध्वनी तेवढा साठवणे शहाणपणाचे ठरते. लघुलहरींवरची दूरची केंद्रे टिपायची असतील आणि घरी अँटेना उभारणे शक्य नसेल, तर नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर हा रेडिओ ब्राउझरमधून ऐकता येतो, आणि त्या पानावर मुद्रणाचे बटणही आहे.

केंद्रांचे स्वतःचे संग्रह असताना एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारले जाते. संग्रह जरूर वापरावेत, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. बीबीसी साउंड्स या बीबीसीच्या ऑनलाइन ध्वनिसेवेवर अनेक कार्यक्रम प्रसारणानंतर ३० दिवसच उपलब्ध असतात, आणि संगीताचे हक्क मिळाले नसतील तर पॉडकास्टमधून गाणी वगळली जातात. स्वतःच्या सवडीने ऐकण्या-पाहण्यासाठी प्रसारण टिपण्याला काही देशांत कायद्याने मोकळीकही दिलेली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनीच्या बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरविषयीच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार अशा मतांनी, घरी नंतर पाहण्यासाठी केलेले मुद्रण रास्त वापर, म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीशिवायही कायदेशीर, ठरवले. ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यातही खासगी वापरासाठी तशी तरतूद आहे. टिपलेली फाइल इतरांना वाटणे किंवा विकणे ही मात्र पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. नियम देशोदेशी बदलतात, आणि आपल्या देशाचा नियम प्रत्येकाने पाहूनच घ्यावा.

कार्यक्रम हाती आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याची सुरुवात आणि शेवट ऐकून पाहावा, कारण केंद्राच्या संग्रहातून तो परत मिळवायला तेव्हा अजून अवधी असतो. जादा मिनिटे कापताना एमपी३डायरेक्टकटसारखे साधन वापरावे. ते ध्वनी पुन्हा आकुंचित न करता सुमारे २६ मिलिसेकंदांच्या मूळ तुकड्यांच्या सीमेवर कापते, त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर केंद्र व कार्यक्रम लिहिला, की कोणत्याही संगणकावर ते प्रसारणाच्या क्रमानेच लागतात. वक्त्यांची आणि कलाकारांची नावे फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलमध्येच साठणाऱ्या माहितीच्या रकान्यांत, त्याच दिवशी भरावीत. कार्यक्रमातली निवेदकाची ओळख तेव्हा नुकतीच ऐकलेली असते आणि नावे बिनचूक लिहिली जातात.