सैन्यवाहू अवकाशनौका: पहिल्या लाटेचा हिशेब

मित्रहो, विज्ञानकथेवर बेतलेल्या, फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळासाठी सैन्यवाहू नौका रचायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माणसं किती मावतात? खेळातल्या नौकेच्या माहितीपानावर 'क्षमता ८०० सैनिक' असं लिहिलं की काम झालं असं वाटतं. माझा आग्रह दुसऱ्या आकड्यासाठी आहे. पहिल्या लाटेत, म्हणजे उतरण्याच्या पहिल्या खेपेत, किती सैनिक, लढता येईल अशा अवस्थेत, हव्या त्या क्रमाने जमिनीवर पोहोचतात? हा आकडा आधी ठरवा. नौकेचा आकार, दारं, सैनिकांना कक्षेतून जमिनीवर नेणाऱ्या छोट्या होड्या, नौकेची कक्षा हे सगळं त्याच्या मागोमाग येतं.

नुसती माणसं नेणं तसं सोपं आहे. जुलै १९४३ मध्ये 'क्वीन मेरी' या प्रवासी जहाजाने एका फेरीत १६,६८३ माणसं अटलांटिकपार नेली. एकावर एक रचलेले बंक, पाळीपाळीने झोप, दिवसाला दोन जेवणं. पण ती माणसं सुरक्षित बंदरात उतरली. समोर शत्रू नव्हता. असं जहाज म्हणजे वाहतुकीचं जहाज. शत्रूच्या ग्रहावर माणसं उतरवणारं जहाज ही वेगळी जात आहे आणि खेळात या दोन जाती वेगळ्याच ठेवायला हव्यात. वाहतुकीच्या नौकेत ३,००० माणसं असतील, तर त्याच आकाराच्या हल्ल्याच्या नौकेत ८०० असावीत. उरलेली जागा होड्यांनी, वाहनांनी आणि मोकळ्या मार्गिकांनी खाल्लेली असते.

आता त्या ८०० जणांना जिवंत ठेवण्याचा खर्च पाहू. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. वेष्टनासह अन्न पावणेदोन किलोच्या आसपास धरा. म्हणजे ३० दिवसांच्या प्रवासाला २० टन ऑक्सिजन आणि ४२ टन अन्न. पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि अंग पुसण्याचं मिळून माणशी साडेतीन लिटर पाणी धरलं तर ८४ टन. त्यातलं नव्वद टक्के शुद्ध करून परत वापरता आलं तर साडेआठ टनांत भागतं. कार्बन डायऑक्साइड लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांनी शोषायचा म्हटलं तर एक किलो वायूला एक किलोहून थोडी जास्त भुकटी जाते, म्हणजे दिवसाला जवळपास पाऊण ते एक टन. आठवडाभराच्या मोहिमेला हे चालेल. महिनाभरासाठी मात्र तापवून पुन्हा वापरता येणारं शोषक यंत्र हवं. ते बंद पडलं की राखीव डबे किती दिवस पुरतील, हा खेळातला पहिला चांगला प्रश्न.

उष्णतेचा विचार बहुतेक रचनांमध्ये नसतोच. माणूस स्वस्थ बसला तरी सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो. दिवसभराची सरासरी १२० धरली तर ८०० माणसांचे ९६ किलोवॅट झाले. निर्वात अवकाशात ही उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, बाहेर जाते. २७ अंश सेल्सियसला ठेवलेला चांगला रेडिएटर (उष्णता बाहेर टाकणारा पत्रा) एका बाजूने चौरस मीटरमागे जेमतेम ४०० वॅट टाकतो. म्हणजे केवळ माणसांच्या अंगच्या उष्णतेसाठी सुमारे २४० चौरस मीटर पृष्ठभाग लागला. इंजिन, दिवे, पंप वेगळेच. हल्ल्याच्या वेळी कप्तान रेडिएटर मिटून घेईल, कारण ते गोळीला सहज बळी पडतात. मग आतलं तापमान चढू लागतं, आणि नेमके त्याच वेळी ८०० सैनिक चिलखत चढवून धडधडत्या छातीने रांगेत उभे असतात. रेडिएटर किती मिनिटं मिटलेले ठेवता येतात, ही संख्या नौकेच्या पानावर जरूर लिहा.

गुरुत्व नसेल तर आणखी एक गोष्ट. तिथे गरम हवा आपोआप वर जात नाही. झोपलेल्या माणसाने सोडलेली हवा त्याच्या तोंडापाशीच साचते आणि तो डोकेदुखी घेऊन उठतो. म्हणून प्रत्येक बंकला हवेचा झोत हवा. पंखा बंद पडला तर धोक्याची घंटा वाजेपर्यंत अख्खी पलटण गुंगीत असू शकते.

हा सगळा खर्च टाळायला लेखक शीतनिद्रेकडे, म्हणजे प्रवासभर माणसांना थंड पेटीत झोपवून ठेवण्याकडे, वळतात. १९७७ साली आलेल्या 'ट्रॅव्हलर' या भूमिका-खेळाने याचं गणित फार नेटकं मांडलं. त्यात नौकेचा टन हे वजन नसून घनफळ आहे, एक टन द्रव हायड्रोजन मावेल एवढं, म्हणजे सुमारे १४ घनमीटर. खोलीला चार टन, शीतनिद्रेच्या पेटीला अर्धा. दोघांत एक खोली दिली तरी ८०० जणांना १,६०० टन लागतात, तर पेट्यांत झोपवलं की ४००. जागा चौथाईवर आली.

पण त्याच खेळाच्या मूळ नियमात जागं होताना दोन फाशांवर पाच किंवा त्याहून जास्त पडावे लागतात, नाहीतर प्रवासी दगावतो. फाशांच्या बेरजेत मिळणारी वाढ-घट न धरता दगावण्याची ही शक्यता सहात एक. एकट्या गरीब प्रवाशाच्या गोष्टीत हा नियम जबरदस्त आहे. तोच ८०० सैनिकांना लावला तर लढाईआधीच १३० हून अधिक प्रेतं. एका पात्रासाठी लिहिलेला नियम बटालियनला तसाच लावायचा नसतो. सैन्यासाठी मृत्यूऐवजी अशक्तपणाचा तक्ता करा: पहिले सहा तास हात थरथरणं, उलट्या, नेम चुकणं.

शिवाय जागं करायला माणसं लागतात. एका वैद्यकीय सहायकाला एका वेळी चार पेट्या सांभाळता येतात आणि एका खेपेला दोन तास लागतात असं धरा. २० सहायक असले तर दोन तासांत ८० जण, ८०० जणांना २० तास. म्हणून जागं करण्याचा क्रम ही मोहिमेची पहिली आज्ञा ठरते. आधी सहायक स्वतः, मग होड्यांचे मेकॅनिक, मग वैमानिक, मग पहिल्या लाटेतले सैनिक. मेकॅनिक शेवटी उठवले तर ताजेतवाने सैनिक न तपासलेल्या होड्यांसमोर ताटकळत बसतील.

आता माल भरण्याकडे येऊ, कारण पराभवाची बीजं बहुतेक वेळा इथे पेरली जातात. नियम एका ओळीचा आहे: जे आधी लागणार ते शेवटी भरायचं. १९१५ साली तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीवर चढाई करायच्या ब्रिटिश मोहिमेत जहाजं या क्रमाने भरलेली नव्हती. ती अलेक्झांड्रियाला नेऊन रिकामी करावी लागली, पुन्हा भरावी लागली, आणि त्या आठवड्यांत तुर्कांनी बचाव पक्का केला. १९४२ च्या जुलैत न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या धक्क्यावर अमेरिकी मरीन सैनिकांचा भर पावसात माल नव्या क्रमाने लावताना पुठ्ठ्याची खोकी भिजून फुटली. पुढे ऑगस्टमध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटावर ते उतरले, पण ९ तारखेला जहाजांना निघून जावं लागलं तेव्हा बराचसा माल पोटातच होता.

घट्ट भरलं तर जागा वाचते, क्रमाने भरलं तर वाचत नाही. मधे मार्गिका सोडाव्या लागतात आणि प्रत्येक वाहन स्वतःच्या चाकांवर बाहेर येईल अशी वाट ठेवावी लागते. खेळाडूंना हा निर्णय स्वतः घेऊ द्या. घट्ट भरलं तर दीडपट माल, पण हवी ती वस्तू काढायला फाशांची परीक्षा. क्रमाने भरलं तर माल कमी, परीक्षा नाही.

यानंतर होड्या. समजा १२ होड्या आहेत, प्रत्येकीत ४० जागा. पहिली लाट ४८० ची झाली का? नाही. बारापैकी दोन होड्या ऐनवेळी उडणार नाहीत असंच धरून चालावं. हिशेब दहाचा करावा, म्हणजे ४००. बंद पडलेल्या होडीत सगळे सुरुंगतज्ज्ञ एकत्र असतील तर मोहीम तिथेच अडते. म्हणून खास कामाची माणसं दोन-तीन होड्यांत वाटलेली हवीत. चढण्याचा वेळही मोजा. सगळ्या होड्यांकडे जाणारा मार्ग एकाच हॅचमधून (झडपेच्या दारातून) असेल आणि तीन सेकंदांना एक सैनिक पार होत असेल, तर ४०० जणांना २० मिनिटं. चार हॅच असतील तर पाच. दारांची संख्या तोफांच्या संख्येइतकीच मोलाची आहे, पण पानावर ती लिहिलेली मला क्वचितच दिसते.

आता कक्षा. विषयाचा हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण इथे ग्रह स्वतःच लढाईत उतरतो. पृथ्वीएवढ्या ग्रहाभोवती ४०० किलोमीटर उंचीवर एक फेरी सुमारे ९२ मिनिटांत होते. तेवढ्यात ग्रह खालून २३ अंश फिरलेला असतो. विषुववृत्तावर हे अंतर अडीच हजार किलोमीटर भरतं. म्हणजे पहिली लाट सोडून नौका फिरून आली की उतरण्याची जागा तिच्या वाटेखाली नसतेच. ती पुन्हा वाटेखाली यायला साधारण बारा तास लागतात. होडीला पंख असतील तर ती वातावरणात बाजूला वळून काही अंतर कापू शकते. अमेरिकी स्पेस शटलला जवळपास दोन हजार किलोमीटर आडवं जाता यावं अशी लष्करी अट होती. एकच फेरी मारून मूळ तळावर परत यायचं तर तेवढं लागतंच. पंख नसलेल्या बोथट कुपीसारख्या यानाला हे जमणार नाही.

यावर उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. विषुववृत्तावरचं लक्ष्य आणि विषुववृत्तीय कक्षा असेल तर प्रत्येक फेरीत संधी मिळते, पण शत्रूलाही ठाऊक असतं की तुम्ही तिथूनच येणार. ३५,७८६ किलोमीटरवरच्या स्थिर कक्षेत नौका लक्ष्याच्या डोक्यावर राहते, पण तिथून खाली यायला होडीला पाच तासांहून जास्त लागतात आणि शत्रू तिला सगळा वेळ पाहत असतो. तिसरा मार्ग म्हणजे थोड्या थोड्या फिरवलेल्या कक्षांत अनेक नौका एकामागून एक ठेवणं. हा उत्तम, आणि अर्थात सर्वांत महाग. पहिली लाट आणि दुसरी लाट यांच्यामधले ते बारा तास म्हणजे तुमच्या खेळातली तयार रात्र आहे: खाली उतरलेल्यांना ती मदतीविना काढायची असते.

नौका फिरवून गुरुत्व निर्माण केलं असेल तर आणखी एक अडचण येते. मिनिटाला दोन फेऱ्या घेणाऱ्या चक्राची त्रिज्या ११२ मीटर असेल तर कडेला अर्धं गुरुत्व मिळतं. चढाईचा हुकूम सुटताच ४०० सैनिक सामानासकट एका बाजूच्या होड्यांकडे धावतात. माणशी १२० किलो धरले तर ४८ टन एकीकडे सरकले. चक्र डुगडुगू लागतं, बेअरिंगवर ताण येतो आणि होडी नेमकी सुटायच्या क्षणी तिचा कोन चुकतो. म्हणून समोरासमोरच्या होड्या जोडीनेच भरायच्या, जोडीनेच सोडायच्या आणि तोल साधायला टाक्यांतलं पाणी पलीकडे ढकलायचं. जोडीतली एक होडी सुटली नाही तर दुसरीलाही थांबवायचं का, हा निर्णय अधिकाऱ्याला काही सेकंदांत घ्यावा लागतो. चक्र नसेल, तर आठवडेच्या आठवडे वजनविरहित राहिलेला सैनिक जमिनीवर पाय ठेवताच झोकांड्या खातो.

सगळं एकाच नौकेत ठेवू नका. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात 'अटलांटिक कन्व्हेयर' हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडालं तेव्हा चारपैकी तीन चिनूक हेलिकॉप्टरं आणि तंबू त्याच्यासोबत गेले आणि सैनिकांना पायी कूच करावं लागलं. त्याच मोहिमेत उतरण्याआधी 'कॅनबरा' या प्रवासी जहाजावरच्या तीन बटालियनांपैकी दोन दुसऱ्या जहाजांवर हलवल्या होत्या. खेळाडूंना दोन नौका द्या आणि वाटणी त्यांनाच करू द्या.

राहिली परतीची बाजू. खाली जाताना वेग मारण्याचं काम वातावरण फुकट करतं. वर येताना सेकंदाला सुमारे ९.३ किलोमीटर इतका वेग इंधनातूनच काढावा लागतो. रासायनिक इंजिनाचा झोत सेकंदाला ४.४ किलोमीटरचा असेल तर उड्डाणाच्या वेळी होडीच्या वजनातला ८८ टक्के भाग इंधन असतो. तेवढं इंधन घेऊन खाली उतरणारी होडी सैनिक फारसे नेणार नाही. म्हणून दहांपैकी आठ होड्या एकतर्फी असतात. त्या खाली उतरल्या की त्यांचे पत्रे काढून आडोसे बनवतात. परतीच्या दोन होड्यांत, इंधनाने जागा खाल्ल्यावर, प्रत्येकी १२ जण बसतात. स्ट्रेचरवरचा जखमी तीन जागा घेतो, म्हणजे एका होडीत चारच जखमी. ४०० जण उतरवणाऱ्या नौकेच्या पानावर 'परत : २४' असं लिहा आणि तो आकडा खेळाडूंना होडीत चढण्याआधी वाचून दाखवा.