नाव काढलं तरी माणूस सापडतोच

तर मंडळी, कंपन्या आपली माहिती कशी गोळा करतात यावर बोलायचं ठरलंय आणि ते मी बोलणारच आहे, पण आधी एका वाक्याचा समाचार घेऊ द्या. कुठल्याही अ‍ॅपची प्रायव्हसी पॉलिसी उघडा, त्यात कुठेतरी असतंच, "आम्ही माहिती निनावी स्वरूपात वापरतो." हे वाचलं की माझं डोकं फिरतं.

ऑगस्ट २००६ ची गोष्ट आहे, ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकलीय त्यांनी परत ऐका. एओएल या अमेरिकेतल्या इंटरनेट कंपनीने संशोधकांना उपयोग व्हावा म्हणून सुमारे ६.५ लाख लोकांचे ३ महिन्यांतले सर्च, म्हणजे जवळपास २ कोटी, इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले. हेतू चांगला होता बरं का! नावं काढली, प्रत्येकाला एक नंबर दिला, आता कोणाचं काय ते कळणार नाही असं त्यांना वाटलं. पण सर्च म्हणजे काय असतं हो? जे नवऱ्याला, बायकोला, डॉक्टरला विचारायची लाज वाटते ते आपण त्या चौकोनात बिनधास्त टाइप करतो. त्यातल्या एका नंबराने बोटं बधिर का होतात ते शोधलं होतं, घरभर लघवी करणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं ते शोधलं होतं, आपल्याच गावात बागकाम करणारे कोण आहेत ते शोधलं होतं आणि एकाच आडनावाची बरीच माणसंही शोधली होती. गाव कळलं, आडनाव कळलं, अजून काय पाहिजे? न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार थोड्याच दिवसांत त्या नंबरामागच्या बाईंपर्यंत पोचले. साठी ओलांडलेल्या बाई, आपले सर्च कोणीतरी साठवतंय हेच त्यांना माहीत नव्हतं.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. त्या यादीत आजारांचे सर्च पुष्कळ होते आणि त्यातले कितीतरी आजार बाईंचे नव्हतेच! मित्रमैत्रिणींपैकी कोणाला काही झालं की या त्यांच्यासाठी माहिती शोधायच्या, त्यांना धीर द्यायला. म्हणजे उद्या अशी यादी विमा कंपनीच्या हातात पडली तर दुसऱ्यांची दुखणी यांच्या खात्यावर, आणि ती खोडायची सोय कुठे आहे? एओएलने फाइल काढली, माफी मागितली, पण तोवर कॉप्या पसरल्या होत्या.

तेव्हा निदान फोन सतत लोकेशन पाठवत नव्हता. २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख लोकांचा मोबाइल डेटा तपासला, नावं नसलेलाच, तर कोण कुठे कधी होतं याचे फक्त ४ ठिपके ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरले. सोपंच आहे, रात्री फोन जिथे असतो ते घर, दिवसा जिथे असतो ते ऑफिस, तुमच्या घरात राहून तुमच्याच ऑफिसात जाणारे दुसरे कितीजण असणार?

थोडं विषयांतर करतो, कॉन्टॅक्ट्सचं. मागे एका अ‍ॅपने परवानगी मागितली, मी नाही म्हटलं तर पुढेच जाऊ देईना, काढून टाकलं मी ते. अहो, माझ्या फोनमधले नंबर माझ्या मालकीचे नाहीत, ते ज्यांचे आहेत त्यांना विचारलं का कोणी? तुम्ही कितीही जपा, तुमच्या ओळखीतल्या एकाने "अलाऊ" दाबलं की तुमचा नंबर गेलाच.

पाच मिनिटं राहिली म्हणतायत, त्यामुळे गोळा कसं करतात ते भराभर सांगतो. कुकी, म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटीशी खूण, १९९४ साली नेटस्केप नावाच्या ब्राउझरमध्ये निघाली, साइटला आपली ओळख राहावी म्हणून, पण पुढे एकाच जाहिरात कंपनीच्या कोडचा तुकडा हजारो साइटवर बसला आणि ती कंपनी तुम्हाला सगळीकडे ओळखायला लागली. फोनमध्ये हेच काम अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला नंबर, करतो, पान उघडेपर्यंत जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो आणि त्यात बोली लावणाऱ्या कितीतरी कंपन्यांकडे तुमची माहिती जाते, जो हरतो त्याच्याकडेही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, एका टॉर्च अ‍ॅपला पकडलं, ते लोकेशन आणि फोनचा आयडी जाहिरातवाल्यांना देत होतं, टॉर्च! युरोपचा जीडीपीआर हा माहिती जपण्याचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला, त्यात नावाऐवजी नंबर लावलेली माहितीसुद्धा वैयक्तिकच धरतात आणि माझं म्हणणं तेच आहे, सगळीकडे तसंच धरा.

घरी जाऊन एवढं करा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये अ‍ॅड्स शोधा आणि तो आयडी डिलीट करा, आयफोनवर ट्रॅकिंगची परवानगी बंद करा, लोकेशन "अ‍ॅप वापरतानाच" वर ठेवा. ब्राउझरचं राहिलंच, ते प्रश्नोत्तरात घेऊ.