आखूड नळीची जुनी बंदूक घेण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या वाड्याची आवराआवर निघाली की माळ्यावरून एखादी गंजलेली बंदूक खाली येते, आणि ती शंभर वर्षांपूर्वीची असल्यामुळे तिला परवान्याची गरज नाही, असे विकणाराही सांगतो आणि घेणाराही मानतो. वकिलीच्या व्यवसायात हा समज मी इतक्या वेळा ऐकला आहे की आज सुरुवातीलाच सांगते, केवळ वय झाले म्हणून बंदूक कायद्याबाहेर जात नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे खरी, परंतु ते शस्त्र दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालण्याजोगे नसेल तरच ती लागू होते. ‘दुरुस्ती करूनही’ हे दोन शब्द कृपया लक्षात ठेवा.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी माझ्या मोठ्या चुलत्यांनी, म्हणजे अण्णांनी, आजोबांची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, बंदूक विकायला काढली. पुण्याचे एक सज्जन गृहस्थ ती आपल्या दिवाणखान्यात लावण्यासाठी घेणार होते आणि विक्रीचा कागद मी लिहून द्यावा, अशी अण्णांची इच्छा होती. “अगं, आजोबांच्याही आधीची वस्तू ही, हिला आता कसला परवाना?” असे म्हणत त्यांनी बंदूक ओसरीवर आणून ठेवली. नळी मला पाहताक्षणीच आखूड वाटली. घोडेस्वारांसाठी मुळातच आखूड घडवलेल्या बंदुका असतात, त्यामुळे केवळ दिसण्यावरून निर्णय करणे योग्य नव्हते. मी नळीखालचा गज, म्हणजे दारू ठासण्याची सळई, काढून नळीला बाहेरून लावून पाहिला, तर तो तोंडापुढे चांगला वीतभर उरला. गज सहसा नळीच्या मापाचा असतो. म्हणजे नळी नंतर कापलेली होती. तोंडाशी नेम धरण्याचा मणीही नव्हता आणि कडेवर कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. मग अण्णांना आठवले की रानडुकरांवर बार टाकताना नळीचे तोंड फाटले होते आणि आजोबांनी फाटलेला भाग गावच्या लोहाराकडून कापून घेतला होता. शिंप्याच्या टेपने मोजले, तेव्हा नळी १९ इंच भरली.

त्यानंतर मी तोच गज नळीत सोडला, आणि तो तळापासून चार बोटे वरच अडकला. मी पुन्हा सोडून पाहिला. पुन्हा तेथेच अडकला. ज्यांच्या घरी अशी बंदूक होती त्यांना याचा अर्थ सांगायला नको. बंदूक भरलेली होती. आजोबा १९९१ साली वारले, म्हणजे इतकी वर्षे ती ठासलेल्या दारूसह माळ्यावर पडून होती आणि घरातील मुले तिच्याशी खेळली होती. अण्णा खाली बसले. आम्ही सर्वांना परसात पाठवले आणि पोलीस ठाण्याला कळवले. पोलिसांनी बंदूक ताब्यात घेऊन जमा करून घेतली, त्याची पावती दिली आणि पुढे सांगितले की आत दारू, छर्रे आणि वर काथ्याचा बोळा निघाला. घोडा चालत होता, ठिणगी पाडणारी टोपी बसवण्याची जागा शाबूत होती. आजोबांच्या परवान्याच्या पुस्तकावरील शेवटचा नूतनीकरणाचा शिक्का १९८९ चा होता. अशा बंदुकीला दुरुस्तीपलीकडची म्हणणे मला शक्य नव्हते, त्यामुळे विक्रीचा कागद मी लिहिला नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. परवान्याशिवाय नळी आखूड करणे कलम ६ नुसार गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. नळी दुसऱ्याने कापली असली तरी विनापरवाना बंदूक बाळगल्याचा प्रश्न घेणाऱ्यापुढे उरतोच. आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकांसाठी शस्त्र नियमांत २० इंचांची मर्यादा आहे. नळी त्याहून आखूड असल्यास बंदूक अधिक कडक वर्गात जाते. आमची बंदूक एका इंचाने त्या बाजूला गेली होती. परवानाधारक वारल्यावर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. खासगी विक्रीत घेणाऱ्याकडे परवाना हवा, जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी सूचना हवी आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायला हवे. आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगाविशी वाटते: कृपया जुनी बंदूक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करू नका. कारागिराचे नाव आणि क्रमांक त्यात पुसले जातात, वस्तूचा इतिहास जातो, आणि ओळखखुणा नसलेली बंदूक विकण्यास कायद्याचीही मनाई आहे.

ते पुण्याचे गृहस्थ सहा महिन्यांनी दुसरी एक ठासणीची बंदूक पाहायला गेले होते. तेथूनच त्यांनी मला फोन केला आणि किंमत सांगण्यापूर्वी गजाची लांबी सांगितली, आतूनही आणि बाहेरूनही.